पिवळी रांग

दुसऱ्याच्या दारातली कुंडी सुकलेली दिसली की आमचे हे तिथंच थांबतात. बेल वाजवून पाणी मागतात. स्वतःला नाही, कुंडीला. लोकांना आधी वाटतं म्हाताऱ्याला चक्कर आली. सार्वजनिक बागेत माळी म्हणून उभी हयात गेली, निवृत्त झाले तरी हाताला चैन नाही. एखादं रोप कोमेजलं तर ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी कोमेजले तर विचारतात, "चहा झाला का गं?"

अशा माणसाला आमच्या भिंगरीने रोपं उपाशी ठेवायच्या कामावर नेमलं.

भिंगरी ही ह्यांची पुतणी. माझे धाकटे दीर आणि जाऊ एकापाठोपाठ गेले तेव्हा ती पहिलीत होती. तेव्हापासून आमच्याकडेच. आम्हाला मूलबाळ नाही, आणि तिला एका जागी बसणं माहीत नाही, म्हणून भिंगरी. शिकत शिकत गेली ती थेट संशोधनापर्यंत. शहराच्या टोकाला एक वनस्पती संस्था आहे, तिथल्या काचघरात तिची मक्याची रोपं.

तिचा विषय मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. झाडाला नत्र लागतं. ते थोडं मातीतून मिळतं, थोडं आपण घातलेल्या खतातून. पण एकदा का ते पानात गेलं, की त्यातलं कुठलं कुठून आलं हे कोण सांगणार? दोन नळांचं पाणी एका हंड्यात पडल्यावर वेगळं काढता येतं का? म्हणून ह्या लोकांनी युक्ती केली. खतात नेहमीच्या नत्राऐवजी जड नत्र घालायचं. पुस्तकात त्याला समस्थानिक म्हणतात. वागायला अगदी नेहमीच्या नत्रासारखंच, जुळा भाऊ म्हणा ना, फक्त वजनाने किंचित भारी. झाडाला फरक कळत नाही, ते खाऊन मोकळं होतं. मग पानं वाळवायची, दळायची, चिमूटभर पीठ कथलाच्या इवल्याशा पुडीत बांधून यंत्रात घालायचं. यंत्र ते जाळतं आणि सांगतं, ह्यात भारी किती आणि साधं किती.

मी पहिल्यांदा "जड नत्र" ऐकलं तेव्हा मला वाटलं हे काहीतरी किरणं सोडणारं प्रकरण आहे. महिनाभर भिंगरीचे कपडे वेगळ्या बादलीत धुतले. तिला कळलं तेव्हा ती हसून लोळली. म्हणाली, "काकू, ते काहीही सोडत नाही गं. त्याच्यापेक्षा तूच जास्त सोडतेस, तोंडातून."

तर कुंड्यांच्या तीन रांगा होत्या. पहिलीला पेरतानाच जड नत्राचं खत. दुसरीला तेच खत, पण रोपं गुडघ्याएवढी झाल्यावर. तिसरीला काहीच नाही. नुसती माती किती पोसते ते तिसरीवरून कळायचं, म्हणून ती रांग पिवळी पडायलाच हवी होती. ती पिवळी पडली नाही तर मुसळ केरात.

आणि मुसळ केरात जाणं भिंगरीला परवडणारं नव्हतं. पहिल्या हंगामात कीड लागली. दुसऱ्यात काचघराचे पंखे बंद पडले आणि रोपं अक्षरशः शिजली. तिला शिकवणारे सर माणूस म्हणून वाईट नाहीत, पण जिभेवर साखर अजिबात नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा शेवटचा. किडीला, पंख्याला मी समजून घेतलं. आता तुझ्या हातून काही बिघडलं तर संशोधनाच्या यादीतून तुझं नाव काढून टाकीन." एवढ्या वर्षांची मेहनत, तिशी उलटलेली पोर, हातात पीएचडी नाही. त्या तीन रांगा उभ्या राहिल्या तर ती उभी राहणार होती.

पेरणीनंतर थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की एकटीने हे झेपणार नाही. रोज सकाळी एकेक कुंडी काट्यावर ठेवायची, जेवढं वजन घटलं तेवढंच पाणी घालायचं. ह्या कामाला भरवशाचं माणूस हवं. तिने काकांना विचारलं. हे तर नवरदेवासारखे तयार झाले. संस्थेत सगळे त्यांना माळीबुवा म्हणायला लागले, आणि घरी येऊन हे मला त्या कुंड्यांच्या तब्येती सांगायला लागले.

मग तिसरी रांग पिवळी पडायला लागली.

"खालची पानं टोकापासून वाळतायत गं," हे चपला काढतानाच म्हणायचे.

"वाळू देत की. त्यासाठीच लावलीत."

"तुला नाही कळायचं. ती मागतात."

"मागतात तर मागू देत. हात लावलात तर बघा."

"मी काय खुळा आहे?" असं म्हणायचे आणि ताटावर बसून भिंतीकडे बघत राहायचे. ह्या माणसाला मी ओळखते. रस्त्यातलं झाड वाचवायला ह्याने एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला दांडी मारलीय.

एके दिवशी संध्याकाळी भिंगरी आली आणि पिशवी न ठेवताच उभी राहिली. आम्ही जेवायला बसत होतो.

"काका, तिसऱ्या रांगेतल्या टोकाच्या चार कुंड्या हिरव्या व्हायला लागल्यात."

ह्यांचा हात ताटातच थांबला. मी तो हात पाहिला, आणि मनात म्हटलं, खाई त्याला खवखवे.

"तुम्ही काही घातलं नाहीत ना?" तिने हळूच विचारलं. आवाजात आरोप नव्हता, भीती होती. मला ती भीती जास्त लागली.

"नाही," हे म्हणाले. मग जरा थांबून, "उद्या बघतो."

"बघायचं काय त्यात?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीपेक्षा लवकर गेले. दुपारी सरांनी काचघरात सगळ्यांना बोलावून घेतलं. कुंड्यांपाशी कोण येतं, खताची कोठडी कोण उघडतं, एकेकाला विचारायला लागले. भिंगरी सांगते, ती रडायच्या बेतात होती आणि सरांची नजर तिच्यावरच होती. तेवढ्यात हे पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, मीच घातला युरिया. घरून डब्यातून नेला होता. बघवत नव्हतं मला."

झालं. सरांनी त्यांना तिथल्या तिथे घरी पाठवलं. भिंगरीला म्हणाले, हे बाहेरच्या माणसाने बिघडवलंय, तुझा दोष नाही. मी वर कळवतो, तुला आणखी एक हंगाम मिळेल. ह्यांना एवढंच म्हणाले की, "माळीबुवा, पुन्हा ह्या फाटकात दिसू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठला डबा, कुठला युरिया, आमच्या घरात युरिया आला कधी, हे विचारायचंही मला सुचलं नाही. मी तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, झाडाचं दुःख दिसतं, पोरीचं दिसत नाही? तुमचे भाऊ वरून बघत असतील, काय म्हणत असतील? हे मिठाची गुळणी धरून बसले. त्यामुळे मी आणखी भडकले. जो माणूस भांडतच नाही त्याच्याशी भांडणं फार दमवतं.

पुढचे दिवस घरात नुसता ताण. भिंगरी सकाळी निघून जायची, आल्यावर स्वयंपाकघरात माझ्यापाशी जेवायची, बाहेरच्या खोलीत काका बसलेत तिकडे बघायचीही नाही. एकदा ह्यांनी विचारलं, "काम कसं चाललंय?" तर ती म्हणाली, "तुम्ही नका विचारू." बस्स. दार लावून घेतलं. संस्थेचा पहारेकरी आमच्याच गल्लीत राहतो. आधी रोज ह्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या बाकावर बसायचा, आता समोरून आला की रस्ता ओलांडायचा. दुकानदारापर्यंत बातमी गेली. मला ऐकवत म्हणाला, "घरचाच माणूस असं करतो म्हणजे कमालच."

आणि हे? हे शांत होते. दोन घास जास्तच जेवत होते. मी भिंगरीला म्हटलंही, "बघ, तुझं वाटोळं करून भूक वाढलीय." ती नुसती भांडी आवरत राहिली.

ठरल्या वेळी तिने रोपं कापली. आता नवा हंगाम मिळणारच होता, पण दूरच्या शहरातल्या यंत्रावर तिचा नंबर लागलेला होता, तो कशाला सोडायचा? वाळवलं, दळलं, पुड्या बांधल्या. त्या चार बाद कुंड्यांची पानंही तिने पाठवली. मला म्हणाली, "जागा उरलीच होती. म्हटलं बघू तरी, काकांचा युरिया किती खाल्लाय त्यांनी." असं बोलताना तिचे ओठ इतके घट्ट मिटले होते की मला माझ्या जावेची आठवण झाली. ती रागावली की अशीच दिसायची.

मग तो दिवस आला. भरदुपारी भिंगरी घरी आली. ह्या वेळी ती कधीच येत नाही. चपला पायातच, तशीच बाहेरच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हे खुर्चीत बसून जुना स्टोव्ह दुरुस्त करत होते. मी हात पुसत बाहेर आले.

"काका, युरिया कुठला होता?"

किती दिवसांनी तिने त्यांना काका म्हटलं होतं. हे दचकलेच. "साधा. बाजारातला."

"साध्या युरियात जड नत्र नावापुरतं असतं. मातीत असतं तेवढंच."

"असेल."

"त्या चार कुंड्यांत ढीगभर आहे. माझ्या खतातलं. पहिल्या रांगेला घातलं होतं ते."

हे स्टोव्हची पिन शोधायला लागले. पिन हातातच होती. "मग तुझ्याच डब्यातलं घेतलं असेल मी. आठवत नाही आता."

"तो डबा कुलपात असतो. किल्ली माझ्या गळ्यात असते, आंघोळीलासुद्धा." तिने गळ्यातला दोरा ओढून किल्ली दाखवली. "काका, लांब ट्रे कुठे गेला?"

मला काही कळेना. मी म्हटलं, कुठला ट्रे, काय ट्रे, नीट सांगाल का कुणी मला?

भिंगरीने सांगितलं, माझ्याकडे न बघता, ह्यांच्याकडेच बघत. पेरणीच्या वेळी कुंड्यांखाली ठेवायच्या बश्या कमी पडल्या होत्या. तिने पहिल्या रांगेच्या टोकाच्या कुंड्या आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाच्या चार, एकाच लांब ट्रेमध्ये ठेवल्या. बश्या आल्या की बदलू म्हणाली, आणि विसरली. तेव्हा पाणी ती स्वतः घालायची, वजन न करता, अंदाजाने. जास्त झालेलं पाणी खत घेऊन तळाच्या भोकातून ट्रेमध्ये उतरलं आणि शेजारच्या उपाशी कुंड्यांनी ते खालून ओढून घेतलं. ते तळच्या मातीत राहिलं, आणि मुळं तिथवर पोचल्यावर पानांवर दिसायला लागलं.

"मी सांगितल्यावर दुसऱ्याच सकाळी तुम्ही ट्रे काढलात आणि प्रत्येकीखाली वेगळी बशी ठेवलीत. सर यायच्या आत." ती एक पाऊल पुढे आली. "तुम्ही काहीच घातलं नव्हतंत. चूक माझी होती, आणि तुम्हाला ती कळली होती."

हे स्टोव्ह बाजूला सारून उठले. ह्या घरात मी त्यांचा चढलेला आवाज तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "होती तर होती. म्हणून काय सगळं सोडून द्यायचं? सर काय म्हणाले होते? तुझ्या हातून बिघडलं तर तुझं नाव काढतील. माझ्या हातून बिघडलं तर काय काढणार आहेत? माझं नाव आहे कुठे तिथे काढायला?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे सुळी देणारी मीच, तीही रोज दोन वेळा, ताट वाढताना. वाईट वाटलं, आणि खरं सांगू, त्याहून जास्त राग आला. "मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," हे म्हणाले.

मग ते भिंगरीजवळ गेले. आवाज खाली आणला. "हे आकडे अजून कुणी पाहिलेत?"

"कुणीच नाही. माझ्याकडेच आलेत."

"मग झालं. त्या चार कुंड्या तशाही बाद आहेत. त्यांचं कुणी विचारणार नाही. नवा हंगाम घे, ह्या वेळी बश्या नीट ठेव. कुणाचं नुकसान आहे ह्यात, सांग."

मी खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. गप्प बस पोरी. ह्या माणसाने जे करायचं ते करून ठेवलंय, पहारेकऱ्याने तोंड फिरवायचं ते फिरवलंय, आता ते फुकट तरी घालवू नकोस. कुणाचं पोट मारायचं नव्हतं, कुणाची चोरी नव्हती. मी तोंड उघडलंही होतं तसं म्हणायला.

"तुमचं आहे," भिंगरी म्हणाली. "तुम्ही तिकडे जाऊ शकत नाही. बाकावर बसू शकत नाही. मी स्वतः तुमच्याशी कशी वागले."

"माझं वय झालं. मला बाकाचं काय?"

"मी सरांना सांगायला चाललेय."

हे दारात आडवे आले. दोन्ही हात चौकटीला. मला एकदम भीती वाटली, म्हातारा माणूस, श्वास लागलेला. "तू सांगितलंस तर मी पुन्हा म्हणेन, मीच घातला."

"म्हणा. तुम्ही म्हणाल काका, पण पान नाही म्हणणार."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिला थांबव, असं डोळ्यांनी म्हणत होते. मी थांबवू शकले असते. ती माझं ऐकते. पण मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला कळेना कुणाच्या बाजूने आडवं पडायचं. मी पुढे होऊन ह्यांचा एक हात चौकटीवरून सोडवला. दुसरा त्यांनी आपणहून खाली घेतला. भिंगरी गेली.

त्यानंतरची दुपार काही सरेना. हे खुर्चीत, मी उंबऱ्यावर. मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तसाच निवला. ह्यांना म्हटलं, "सर समजून घेतील." ते म्हणाले, "नाही घेणार. तेही बांधलेले आहेत." मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?" ते म्हणाले, "बागेत होतो तेव्हा मलाही वरून कागद यायचे." एवढंच बोलणं झालं आमच्यात.

उन्हं उतरल्यावर ती आली. चपला काढल्या, पाय धुतले, माठातलं पाणी प्यायली. शेवटी ह्यांनीच विचारलं.

"काढलं?"

"काढलं." ती समोर जमिनीवर बसली. "सर म्हणाले, तू बोलली नसतीस तर मला कधीच कळलं नसतं. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. म्हणाले, पण आता कळलंय, आणि मी वर लिहून दिलंय की बाहेरच्याने बिघडवलं, तो कागद मला मागे घ्यावा लागेल."

ह्यांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. माझ्या डोळ्यांना तर धारच लागली, मला लपवता येत नाही.

"तुम्हाला उद्यापासून बोलावलंय," भिंगरी म्हणाली. "सर स्वतः येणार होते माफी मागायला. मी म्हटलं, नका येऊ, काकांना अवघडल्यासारखं होईल. दुसऱ्या एका मुलीच्या कुंड्या आहेत. तिला माणूस हवाय."

"मी नाही जाणार."

"जायचं."

"तू नाहीस तिथे मी कुणाच्या तोंडाने जाऊ?"

"काका," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला, "तुम्ही गेला नाहीत तर मी नाव कशासाठी घालवलं?"

रात्रीचं जेवण तिघांनी एका खोलीत केलं. कोण किती जेवलं ते मी पाहिलं नाही.

सकाळी हे उठले, दाढी केली, बागेतला जुना खाकी शर्ट घातला. जाताना मला सांगायचं ते नेहमीचं "येतो गं" सुद्धा त्यांना जमलं नाही, नुसती मान हलवली. भिंगरी दारात उभी होती. गल्लीच्या तोंडाशी पहारेकरी कामावर निघालेला दिसला. ह्यांना पाहून तो थांबला. मग दोघं बरोबर चालायला लागले. ते वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. सरांपुढे, आमच्यापुढे, कुठेही एक टिपूस न काढलेली पोर मग आत आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली.